एडीएचडी खरा की खोटा, या वादात पालकांनी काय करावे

मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा यांचा विकार, असावा अशा शंकेने पालकसभेनंतर बाईंनी "एकदा तज्ज्ञांना दाखवून घ्या" असे सुचवले, की पुण्यातल्या घरांतही दोन तट पडतात. आजोबा म्हणतात, "पोरगा वांड आहे, आमच्या वेळी असली नावे नव्हती". आई रोज रात्री दहापर्यंत गृहपाठाशी झुंजून थकलेली असते.

असे मूल आजचे नव्हे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्येच अशा मुलांची वर्णने व्याख्यानांतून मांडली होती, आणि जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के दिसतो. मात्र हे निदान रक्ततपासणीने किंवा स्कॅनने होत नाही, आणि वर्गातल्या वयाने लहान मुलांवर हा शिक्का अधिक बसतो, असे अनेक देशांत आढळले आहे. माझ्या मते विकार खरा आहे. निदान मात्र चुकू शकते.

म्हणून सर्वप्रथम जन्मतारीख पाहावी. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी वय ३१ डिसेंबरपर्यंत मोजतात, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल वर्गात धाकटे ठरते. त्याची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी करावी.

नंतर दोन आठवडे एका वहीत नोंदी ठेवाव्यात. "चंचल आहे" असे मोघम लिहू नये. "हातचा एक लिहिला, पण मिळवायचा राहिला", "फळ्यावरच्या तीन ओळी उतरवल्या, चौथी राहिली", "बाटली पुन्हा रिक्षात विसरली" असे लिहावे. शिक्षिकेकडूनही अशाच नोंदी मागाव्यात, कारण डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेतील निकषांनुसार मुलांमध्ये नऊपैकी किमान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली, त्यांतली काही बाराव्या वर्षाआधीची आणि दोन किंवा अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात. अडचण फक्त शाळेतच असेल, तर डोळे, कान आणि वाचन-लेखनाची अक्षमता आधी तपासून घ्यावी. मूल दोन तास ठोकळ्यांत रमते, एवढ्यावरून निदान फेटाळू नये. आवडीच्या कामात या मुलांचेही लक्ष लागते.

ही वही घेऊन बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. खर्च परवडत नसेल तर पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. दहा मिनिटांत निदान झाले, तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे. सहा वर्षांखालील मुलासाठी आधी मुलाचे वर्तन हाताळण्याचे पालकांचे प्रशिक्षण मागावे. मिथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचे औषध सुरू झालेच, तर भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन-उंचीच्या नोंदी त्याच वहीत पुढे चालू ठेवाव्यात.