स्पीकरखालचे पाय: आधी वजन, मग खरेदी

बुकशेल्फ स्पीकर टीव्ही युनिटवर किंवा शोकेसवर ठेवला की खोक्याची थरथर खालच्या फळीत उतरते आणि प्लायवूडची पोकळ फळी स्वतःच वाजू लागते. डग्ग्याची घुमक संपली तरी ती गुणगुणत राहते, काचेची दारं किणकिणतात आणि आपण स्पीकरला दोष देतो. आयसोलेशनचे पाय, म्हणजे स्पीकरखाली लावायचे मऊ रबराचे किंवा स्प्रिंगचे आधार, ही थरथर अडवतात, पण स्पीकरच्या वजनाशी जुळले तरच.

आधी खालच्या स्वरांचं काहीतरी जरा मोठ्याने लावा आणि फळीवर तळहात ठेवा. फळी थरथरत असेल तर पायांचा उपयोग होईल. स्पीकर जड स्टँडवर असेल आणि खाली सिमेंटच्या स्लॅबवरची लादी असेल, तर फरक जेमतेम जाणवेल. लाकडी तुळयांवरच्या जमिनीवर, म्हणजे जुन्या घरांतल्या माळ्यावर किंवा अमेरिकेतल्या लाकडी घरांत, तो मोठा असतो. स्पाइक, म्हणजे धातूचे टोकदार पाय, थरथर अडवत नाहीत. ते स्पीकर जमिनीशी घट्ट जखडतात, म्हणून त्यांची खरी जागा गालिच्यावर. लादीवर ओरखडे पडतात.

आता वजन. स्पीकर हातात धरून वजनकाट्यावर उभे राहा, मग रिकाम्या हाताने, आणि वजाबाकी करा. ७ किलोचा स्पीकर आणि चार पाय, तर प्रत्येकावर पावणेदोन किलो. पण वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या शंकूच्या) चुंबकामुळे बहुतेक स्पीकर पुढून जड असतात. पाय चार कोपऱ्यांत लावले तर पुढचे जास्त दबतात, स्पीकर मान खाली घालतो आणि ट्वीटरचा (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या भागाचा) रोख कानांवरून सरकतो. म्हणून स्पीकर कुशीवर आडवा करा, खाली एक गोल दांडा त्याच्या उंचीच्या दिशेने ठेवा आणि तो कुठे तोलला जातो ते पाहा. ती रेघ मास्किंग टेपने बुडावर उतरवा. पुढची आणि मागची जोडी या रेघेपासून सारख्या अंतरावर हवी.

पाय भाराखाली किती दबतो, यावर सगळं ठरतं. १६ ला दबलेल्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागा. येईल तेवढ्या हर्ट्‌झवर (सेकंदाला तेवढ्या वेळा) स्पीकर त्या पायांवर डोलतो. १ मिमी दबला तर १६, ४ मिमी तर ८, १० मिमी तर ५. या आकड्याच्या सुमारे १.४ पटीच्या वरच थरथर अडायला लागते, त्याखाली ती उलट वाढते. पाय ३० हर्ट्‌झवर डोलत असतील तर ४० हर्ट्‌झचा स्वर फळीत आधीपेक्षा जास्त पोचेल. १० हर्ट्‌झ किंवा त्याहून कमी हे लक्ष्य ठेवा.

म्हणूनच वॉशिंग मशीनखालचे रबरी पॅड इथे फुकट जातात. पन्नास-साठ किलोंसाठी बनवलेलं रबर पावणेदोन किलोला दबतच नाही. सॉर्बोथेन हे कंप शोषणारं मऊ कृत्रिम रबर घेणार असाल तर जाडीच्या १० ते २० टक्के दबेल असा कडकपणा निवडा. २५ मिमी जाड असेल तर अडीच ते पाच मिमी. रबर हलत्या भाराला जास्त कडक वागतं, म्हणून वरच्या हिशेबापेक्षा प्रत्यक्ष आकडा थोडा चढाच येतो. खोल दबायला स्प्रिंग उत्तम, पण वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. टेकले की ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडाचा ठोकळा होतो. नुसती स्प्रिंग धक्का लागल्यावर बराच वेळ डुलते, म्हणून आत फोम किंवा रबर असलेली घ्या.

पॉलिश केलेल्या लाकडावर मऊ रबर थेट ठेवू नका, महिन्याभरात तेलकट डाग उमटतो. मध्ये पातळ प्लास्टिकची चकती घाला. उंच टॉवर स्पीकर स्प्रिंगवर ठेवायचा असेल तर बुडापेक्षा रुंद पाट खाली घट्ट बसवा आणि पाय पाटाच्या कडांना लावा, नाहीतर मुलांच्या एका धक्क्यात तो कोसळेल. स्पीकरची वायर थोडी सैल सोडा. ताठ, जाड वायर स्पीकरला खेचून धरते आणि कंप पुढे नेते.

तपासायला जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे मोफत ॲप घ्या. फोन स्पीकरच्या माथ्यावर ठेवा, स्पीकरला हलकेच टिचकी मारा आणि प्रवेगाच्या स्पेक्ट्रमच्या आलेखात (कुठल्या वारंवारितेला किती कंप ते दाखवणाऱ्या) टोक कुठे येतं ते पाहा. तो तुमचा खरा आकडा. मग फोन फळीवर ठेवून ४० हर्ट्‌झचा स्वर पायांशिवाय आणि पायांसह, आवाज तोच ठेवून वाजवा. पायांसह आलेख खाली आला नाही, तर पाय कडक आहेत किंवा स्पीकरची कड कुठेतरी भिंतीला टेकली आहे.

खालच्या मजल्यावर जाणारा बेस मात्र बराचसा हवेतून स्लॅबला हलवतो. त्याला पाय अडवू शकत नाहीत, तिथे आवाजच कमी करावा लागतो. आणि खोलीतच बेस फुगत असेल, तर पायांवर पैसे घालण्याआधी स्पीकर भिंतीपासून ३० सेंटीमीटर पुढे ओढून ऐका.