मुंबईची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरण्याआधी 'ला-ल' गिरवा

गदिमा आपल्या शेटफळ्याचे. त्यामुळं आटपाडी-तासगावकडं गाणी लिहिणारं पोर निघालं की घरचे 'गीतरामायणा'चा दाखला देतात. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक, अशी ५६ गीतं. दाखला चांगला, पण तिथं शब्द आधी आणि चाल मागून आली. आज सिनेमात बहुतेकदा चाल आधी येते. फोनवर डमी, म्हणजे चालीचा कच्चा नमुना येतो, त्यात संगीतकार नुसतं 'ला ल ला ला' गुणगुणतो. मुखडा, म्हणजे गाण्याचं धृपद, उद्या सकाळी हवा असतो.

नवखा इथंच फसतो, कारण तो अक्षरं मोजतो. समजा ओळ अशी आहे: ला ल ला ला ल ला ला. सात जागा. तुम्ही 'मन उदास झाले' बसवलं. म-न-उ-दा-स-झा-ले, सात भरली. आता गाऊन बघा. पहिली जागा लांब, तिथं 'म' पडला. गायक तो ताणणार आणि स्टुडिओत ऐकू येणार, 'मान ऊदास झाले'. मनाची मान झाली! कागदावर ओळ निर्दोष आहे, म्हणून चूक सापडतच नाही. लांब 'ला'च्या दोन मात्रा, आखूड 'ल'ची एक. डमी १२ मात्रांचा, तुमची ओळ १० ची. 'जीव झाला उदासी' घ्या: २-१-२-२-१-२-२. बसली.

म्हणून आधी डमी वीसेक वेळा ऐका, शब्द न सुचवता. कागदावर ला-ल उतरवा, ठोका पडतो तिथं खूण करा. ठोक्यावर महत्त्वाचा शब्द आणा, 'आणि-पण' नको. सूर लांब थांबतो तिथं 'आ' किंवा 'ओ' मिळाला तर गायक खूश. वरच्या पट्टीत 'ई' ताणताना गळा आवळतो. मात्रा कमी पडली की 'रे', 'गं' चिकटवायचे, हे ठिगळ आहे. एका गाण्यात एकदा चालेल, तिसऱ्यांदा लाज वाटली पाहिजे.

मुखडे तीन द्या. अंतऱ्याची (कडव्याची) शेवटची ओळ मुखड्याच्या यमकावर परत यायला हवी. आणि नुसता मजकूर धाडू नका, चालीवर म्हणून रेकॉर्ड करून धाडा. बेसूर चालतं. सगळे मुखडे परत आले तरी घाबरू नका, ते रोजचंच आहे. चाल बदलली म्हणूनही येतात.

'दोन वर्षं माझ्याकडं बस, नाव नंतर लागेल' असं म्हणणाऱ्या नावाजलेल्या गीतकाराला शिष्य नको असतो, फुकटचा लेखनिक हवा असतो. तिथून उठा.

कागदावर सही करताना एवढं धरून ठेवा: २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर थिएटरबाहेर गाणं वाजलं की रॉयल्टीत हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीनं गीतकाराचाही वाटा असतो. 'सर्व हक्क दिले' असं लिहून घेतलं तरी तो निर्मात्याकडं जात नाही. फक्त वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. पण तो आपोआप घरी चालत येत नाही. त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट संस्थेचं सभासद व्हावं लागतं आणि प्रत्येक गाणं तिथं आपल्या नावावर नोंदवावं लागतं.