रोजचं निसर्गनिरीक्षण: या चुका टाळा (मी सगळ्या करून झाल्यात)

साताऱ्यात कुणाला म्हटलं, मला निसर्ग बघायचा नाद आहे, की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग कासला जाता वाटतं?" जातो की. सप्टेंबरात एकदा, गाड्यांच्या रांगेतून. पण उरलेले 364 दिवस काय करायचं? निसर्ग म्हणजे गावापासून 25 किलोमीटरवरचं पठार, ही पहिली चूक. 2012 मध्ये कास जागतिक वारसा यादीत गेल्यापासून ती समजूत जास्तच घट्ट झाली. तिथल्या टोपली कारवी या झुडपाचा मोठा बहर साधारण 7 वर्षांनी येतो, त्याच्या भरवशावर रोजची सवय कशी लागणार? घराजवळचं एक झाड धरा. मी गल्लीच्या तोंडाशी असलेला उंबर धरलाय.

दुसरी चूक, चालत राहणं. सकाळचं फिरणं आणि निरीक्षण एका दगडात उरकायला गेलो आणि महिनाभर कावळा-साळुंकीच्या पुढे सरकलो नाही. आपण हलतो तोवर झाड गप्प असतं. सूर्योदयानंतरच्या तासाभरात 10 मिनिटं एका जागी उभं राहा, लोक बघतील तर बघू देत. एके दिवशी असाच उभा होतो. शेजारच्या पत्र्यावर टपटप काहीतरी पडत होतं, अर्धी कुरतडलेली उंबरं. वर पाहिलं तर नुसती पानं. मग त्यातल्या एका पानानं मान वळवली! हरियाल होते, चांगला सात-आठांचा थवा. हिरवट-पिवळं अंग पानांत पार मिसळलेलं, पाय मात्र हळदीत बुडवल्यासारखे पिवळेजर्द. आपला राज्यपक्षी, आणि मी वर्षानुवर्षं त्याच्या खालून स्कूटर काढत होतो.

तिसरी चूक नाव ठेवायच्या घाईची, आणि यात मी चांगलाच तोंडावर पडलोय. मे महिन्यात उंबरावर राखाडी पाठीचा, छातीवर तांबूस झाक असलेला पक्षी येऊन बसायचा. मोबाइलवर धूसर फोटो काढला, अ‍ॅपनं शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) सांगितलं, मी वहीत "शिक्रा" लिहिलं. दोन आठवडे लिहीत होतो, वर मित्रांनाही ऐटीत सांगितलं. एका सकाळी त्या शिक्र्यानं तोंड उघडलं आणि "पेरते व्हा, पेरते व्हा" सुरू केलं. पावशा! दिसायला हुबेहूब शिकारी, पण शिक्र्याची चोच आखूड आणि बाकदार, पावशाची सरळसर. चोच मी एकदाही नीट पाहिली नव्हती, कारण नाव मिळालं की डोळे काम थांबवतात. तेव्हापासून आधी चोच, पाय, शेपटी आणि तो काय करतोय ते लिहितो. नावाची जागा कोरी राहिली तरी चालते. कोकिळेचंही तेच: काळा नर आणि ठिपक्यांची तपकिरी मादी हे मला बरेच दिवस दोन वेगळे पक्षी वाटायचे. आणि "कुहू" गातो तो नर, कविता काहीही म्हणोत.

आवाज येतो, पक्षी काही दिसत नाही, ही नव्यांची नेहमीची तक्रार. बहुतेकदा तो तांबट असतो. टुक-टुक करताना तो डोकं इकडून तिकडे फिरवतो, म्हणून आवाजाची दिशा फसवते. पानांत शोधू नका, शेंड्याची वाळकी फांदी बघा. चोच मिटलेलीच असते, गळा तेवढा फुगतो आणि बसतो.

वही आठ दिवसांत बंद पडत असेल तर तुम्ही फार लिहिताय. तारीख, वेळ, आभाळ, दोन ओळी, बास. मात्र जागेवरच लिहा. रात्री आठवून लिहिलेल्यात आपण हवं ते भरतो. आणि "आज तांबट नाही" हीसुद्धा नोंदच.

उन्हाळ्यात खाली बसलेलं बुलबुलाचं पिल्लू उचलून घरी आणू नका. पिसं फुटलेली असतील तर आईबाप जवळपासच असतात. मांजराचं भय असेल तर लगतच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा.

शेवटची चूक मला उशिरा कळली. झाडाखाली रोज झाडणाऱ्या काकूंना मी कधी काही विचारलंच नव्हतं. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात ना, ते फळाच्या आत असतं हे कळल्यावर एक कच्चं उंबर चिरून त्यांना दाखवलं. आत दाट दाटीनं बारीक फुलं, त्यांत चिलटाएवढी गांधीलमाशी वळवळत होती. मी म्हटलं, "काकू, हीच परागीभवन करते." त्या झाडू टेकून म्हणाल्या, "ते किडं व्हय? आमची आई उंबर फोडून फुकर मारायची, मग खायला द्यायची. आणि हे बघा, तुमची ती हिरवी पाखरं सांडतात त्याच्या दुप्पट कचरा रात्री वटवाघळं करत्यात. ते कधी लिवणार?"