बाहेर काढताच मॉन्स्टेरा, पीस लिलीच्या पानांवर पांढरे चट्टे: नागपुरातला उपाय

लक्षण असं: घरातली कुंडी गॅलरीत ठेवली की एक-दोन दिवसांत वरच्या पानांवर पांढुरके, कागदासारखे कोरडे चट्टे. मग तेच तपकिरी होतात. खालची, सावलीतली पानं ठणठणीत. पान उलटून पाहिलं तर ना कीड, ना जाळं.

पाणी वाढवलं, खत घातलं, निंबोळी तेल फवारलं. डोकं पिकलं, फरक शून्य. तेलाने तर उन्हात पान आणखी भाजतं.

हा रोग नाही, ऊन लागलंय. खोलीतल्या मंद उजेडात वाढलेल्या पानाला थेट ऊन सोसत नाही. ‘उन्हाळ्यात झाडं बाहेर काढा’ हा सल्ला थंड देशांचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो.

म्हणून पाऊस नीट लागू द्या. दुपारचं तापमान ३५ च्या खाली आलं की ढगाळ दिवशी, संध्याकाळी कुंडी पूर्वेच्या गॅलरीत, ७५ टक्के ऊन अडवणाऱ्या हिरव्या नेटखाली ठेवा. ५० टक्क्यांचं नेट या पानांना पुरत नाही. पहिले ४-५ दिवस नुसता उजेड. मग कोवळं ऊन अर्धा तास, दर तीन दिवसांनी अर्धा तास जास्त, दोन तासांवर थांबायचं. नऊनंतर ऊन नको.

कुंडीखालची ताटली काढाच, नाहीतर झडीत मुळं कुजतात. आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालू नका, त्यात क्षार साठलेले असतात.

भाजलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. अर्धं हिरवं असेल तर राहू द्या, नवं पान पूर्ण उलगडल्यावर भाजलेलं कापा.