जिम्नी बर्फात नेण्याआधी रेडिएटरमधलं पाणी काढा

गरम कपडे, औषधं, गाडीचे कागद, टॉर्च, टोचन-दोर यांची यादी देत बसत नाही. बेळगावहून जानेवारीत जिम्नी (मारुतीची छोटी फोर-बाय-फोर) घेऊन हिमाचलातल्या स्पितीला निघणाऱ्याला एवढं कळतंच.

मुद्द्याचं काम रेडिएटरचं. आपण कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) म्हणतो, पण आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत निम्मं नळाचंच पाणी असतं. गरिबांचं महाबळेश्वर म्हणून आपण कितीही मिरवलो, तरी इथं पाणी गोठत नाही. त्यामुळे पातळी उतरली की मेस्त्री बाटलीभर पाणी ओततो, झाकण फिरवतो आणि वर्षभर ते खपून जातं. स्पितीतल्या काझाला रात्री पारा उणे 20 च्याही खाली जातो. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि रेडिएटरच काय, इंजिनचा ब्लॉकही तडकवू शकतं. गेल्या खेपेला मी स्वस्तात सुटलो. आत नुसती बर्फाची लापशी झाली होती. ती पुढं सरकेना, त्यामुळे बाहेर दात वाजवणारी थंडी असूनही इंजिन तापून लाल दिवा लागला.

तेव्हा उद्यमबागेत गाडी न्या, जुनं सगळं सोडायला लावा आणि पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं भरून घ्या. इथिलीन ग्लायकॉलचं असं मिश्रण उणे 37 च्या आसपासपर्यंत तग धरतं. नुसतं कूलंट ओतायचा शहाणपणा नको, ते उलट लवकर गोठतं. रंगावर जाऊ नका. पाणी मिसळलं तरी हिरवं ते हिरवंच दिसतं. कूलंट किती थंडीपर्यंत टिकेल ते दाखवणारा टेस्टर लावून घ्या, तेही स्वतः शेजारी उभं राहून. ‘काय होत न्हाई ओ’ असं ऐकायला मिळेल, हसून सोडून द्या. तयार मिश्रणाचा एक कॅन डिकीत असू द्या. वाटेत पातळी कमी दिसली तर प्यायची बाटली ओतायची नाही. नाही म्हणजे नाही. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही काढा, त्यात न गोठणारं वॉशर लिक्विड भरा.

टायरच्या चेन 195/80 आर 15 या मापाच्याच हव्यात. भाड्याच्या घेतल्यात तर जागेवरच लावून बघा. घरच्या अंगणात हातमोजे घालून एकदा चढवा, उतरवा. बर्फात गुडघे टेकून पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नव्हे. दोनच असतील तर कोणत्या चाकांना लावायच्या ते पुस्तिकेत बघा.

जांबोटी-कणकुंबीच्या चिखलात फोर-बाय-फोर खेळलेल्यांना एक सांगायचंय. चारही चाकांना ताकद मिळाली म्हणून ब्रेक लवकर लागत नाही. गाडी निघते झकास, थांबत मात्र नाही. सावलीतल्या वळणावर काळा दिसणारा ओला रस्ता बर्फच समजा आणि वेग वळणाआधीच उतरवा. बर्फावर 4एच (चारही चाकांना ताकद), कोरड्या डांबरावर 2एच (फक्त मागच्या दोन चाकांना), कारण जिम्नीत मधला डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नाही आणि कोरड्यावर 4एचमध्ये वळताना गिअरवर ताण येतो. तीव्र उतारावर थांबून 4एल (चारही चाकांना, पण कमी वेगाचा जोरकस गिअर) टाका आणि इंजिनच्या जोरावर उतरा.

टायरमधली हवा तिकडे गेल्यावर पहाटे तपासा. बेळगावात दुपारी भरलेली हवा तिथल्या थंडीत उतरलेली असते. बॅटरी जुनी असेल तर इथंच बदला.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं टाकी फुल करून पैसे वाचवायची आपली सवय पेट्रोलला चालेल. सोबत डिझेल गाडी असेल तर इथलं डिझेल वर नेऊ नका, ते थंडीत घट्ट होतं. वरचं हिवाळी डिझेल भरा. जिम्नीची टाकी 40 लिटरची, त्यामुळे रेकाँग पिओजवळ भरा, मग काझात. रस्ता शिमला-रामपूर-नाकोचाच, हिवाळ्यात मनालीकडचा कुंझुम घाट बंद असतो. काझाच्या उंचीवर इंजिनचा जोर जवळपास एक तृतीयांश कमी होतो, ओव्हरटेक त्या हिशोबानं.

रात्री हँडब्रेक ओढू नका, गोठून बसतो. पहिला गिअर टाका, चाकांना दगड लावा. वायपर उभे करा. कूलंट पुन्हा बघा, हो, पुन्हा. सकाळी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढल्याशिवाय इंजिन चालू करून आत बसू नका, विषारी धूर गाडीत शिरतो.