भाषणातलं औचित्य: अभ्यासाला सुरुवात करताना

वक्तृत्वाचा अभ्यास करायला येणारे बहुतेक जण आधी टाळ्यांची वाक्यं गोळा करतात. मी बरीच वर्षं भाषणं बारकाईने ऐकत आलोय, आणि नवख्यांना माझं सांगणं असतं की आधी औचित्य ओळखायला शिका. कोण बोलतंय, कोणासमोर आणि कोणत्या वेळी, हे जुळलं की लोक ऐकायला तयार होतात, युक्तिवाद त्यानंतर येतो. प्राचीन रोमचा वक्ता सिसेरो याच्या मते जगण्यात काय आणि बोलण्यात काय, नेमकं काय शोभेल हे ओळखणं सगळ्यात अवघड.

सुरुवातीला रॉबर्ट केनेडींचं ४ एप्रिल १९६८चं इंडियानापोलिसमधलं भाषण घ्या. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीची त्यांची प्रचारसभा होती, समोर बहुतांश कृष्णवर्णीय श्रोते, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्याचं त्यांच्यातल्या अनेकांना ठाऊकच नव्हतं. ट्रकवर उभ्या केनेडींनी आधी हातातले फलक खाली घ्यायची विनंती केली. इथे थांबून विचार करा: त्या एका विनंतीने प्रचार संपला आणि शोकसभा सुरू झाली. मग आडपडदा न ठेवता त्यांनी बातमी सांगितली. पुढे, माझ्याही घरातल्या एकाला (म्हणजे भाऊ, अध्यक्ष जॉन केनेडी यांना) एका गोऱ्या माणसानेच मारलं, हेही ते बोलले. आपलं दुःख पुढे करून सहानुभूती मिळवणं सोपं होतं, पण त्यांनी ते एका वाक्यात उरकलं आणि लगेच एकमेकांना समजून घ्यायच्या आवाहनाकडे वळले. जेमतेम पाच-सहा मिनिटांचं भाषण. त्या रात्री आणि पुढच्या काही दिवसांत अनेक शहरांत दंगली उसळल्या, इंडियानापोलिस शांत राहिलं. सगळं श्रेय भाषणाला देऊ नका, पण त्याचा वाटा नाकारताही येत नाही.

औचित्य म्हणजे समोरच्यांना आवडेल ते बोलणं, असा समज लवकर होतो. ऑक्टोबर २००८मध्ये मिनेसोटातल्या सभेत एक बाई ओबामांना अरब म्हणाल्या, तेव्हा अध्यक्षपदाच्या निवडणुकीतले ओबामांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांनी माइक परत घेतला आणि ओबामा सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी फक्त मतभेद आहेत, असं सांगितलं. त्याच सभेत ओबामांची बाजू घेतल्याबद्दल त्यांची हुर्योही झाली होती. समोरची सभा नाराज झाली, दूरवरच्या लोकांचा आदर मिळाला. अरब माणूस सभ्य नसतो की काय, ही टीकाही त्या उत्तरावर झाली आणि ती मला रास्त वाटते. घाईत सांभाळलेल्या सभ्यतेतही पूर्वग्रह शिल्लक राहू शकतो.

म्हणून प्रत्येक भाषण दोनदा तपासा. एकदा आवाज बंद करून: हात, नजर, थांबे, कपडे. मग नुसता मजकूर, आणि त्यात काय गाळलंय ते शोधा. क्राइस्टचर्चमधल्या मशिदींवरच्या हल्ल्यानंतर मार्च २०१९मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी हल्लेखोराचं नाव घेणार नाही असं सांगितलं. त्या नकारामुळेच सगळं लक्ष मृतांकडे राहिलं.

पहिला सराव म्हणून लिंकन यांचं १८६३चं, गेटिसबर्गच्या सैनिकी दफनभूमीच्या समर्पणावेळचं भाषण घ्या. त्यांच्याआधी नामवंत वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले होते, लिंकन दोन-तीन मिनिटं. मजकूर तीनशे शब्दांहूनही कमी आहे. एकेक वाक्य वेगळं काढा आणि हे दफनभूमीत उभं राहून का म्हणता आलं, ते वहीत लिहा.