गणित दिनाच्या व्याख्यानाची तयारी: चार वावरं, तीन पिकं

२२ डिसेंबरला, रामानुजन जयंतीला, तालुक्याच्या कॉलेजात बीजगणितीय संयोजनशास्त्रावर, म्हणजे मोजणीच्या प्रश्नांना बीजगणित लावण्यावर, बोलायचं असेल तर आधी प्रोजेक्टरचा नाद सोडा. लाइन कधी जाईल याचा नेम नाही. फळा धुऊन घ्या, तीन रंगांचे खडू ठेवा आणि वेळ दुपारची धरा. वेचणीच्या दिवसांत अर्धी पोरं सकाळी वावरातच असतात.

फळ्यावर चार वावरं काढा, चौघांचे कोपरे एका ठिकाणी मिळणारी. अट एकच: ज्यांचा धुरा सामाईक, त्या दोन वावरांत एकच पीक नको. पिकं तीन: पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. पेरायच्या तऱ्हा किती? ही मोजणी पोरांकडूनच करून घ्या, घाई नको. तिरप्या समोरच्या एका जोडीत सारखंच पीक असेल तर १२ तऱ्हा, वेगवेगळं असेल तर ६, एकूण १८.

आता पिकांची संख्या क धरा आणि सूत्र लिहा: क चा चौथा घात, वजा ४ वेळा घन, अधिक ६ वेळा वर्ग, वजा ३ वेळा क. चिन्हं पुसली की उरतात १, ४, ६, ३. आकडे चढतात, मग उतरतात. गणितज्ञ रोनाल्ड रीड यांनी १९६८ मध्ये अंदाज बांधला की नकाशा कुठलाही घ्या, हे असंच होणार. पुढे त्याहून कडक अंदाजही आला: मधल्या आकड्याचा वर्ग शेजारच्या दोघांच्या गुणाकाराहून कमी भरत नाही. ४ चा वर्ग १६, शेजाऱ्यांचा गुणाकार ६, पडताळून दाखवा.

खरी तयारी इथून पुढची. गणितज्ञ जून हू यांनी २०१२ मध्ये हे सिद्ध केलं ते बैजिक भूमितीच्या (समीकरणांतून बनणाऱ्या आकृत्यांच्या अभ्यासाच्या) जोरावर, मोजणीच्या युक्त्यांनी नव्हे. मग आदिप्रासितो आणि कॅट्झ यांच्यासोबत त्यांनी तोच नियम सगळ्या मॅट्रॉइडांना लावला. मॅट्रॉइड म्हणजे ‘कोण कोणावर अवलंबून नाही’ याचा निव्वळ हिशोब. पुष्कळ मॅट्रॉइडांमागे भूमितीची आकृतीच नसते, तरी अशा आकृत्यांसाठीच बांधलेल्या हॉज सिद्धान्तातली रचना तिथे उभी राहते. मला तरी आश्चर्य याचंच वाटतं, म्हणून दहा मिनिटं इथेच राखून ठेवा. हू यांना २०२२ मध्ये फील्ड्स पदक मिळालं. कवी व्हायचं म्हणून त्यांनी शाळा सोडली होती, ते एका वाक्यात उरका. नाहीतर पोरं तेवढंच घरी नेतात.

दिवस रामानुजनांचा, म्हणून विभाजनंही हवीतच, म्हणजे एक संख्या बेरजेत मांडायच्या तऱ्हा. ४ ची विभाजनं ५: ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. प्रत्येकाची चौकटींची आकृती काढा, दर आकड्याला तेवढ्या चौकटींची एक ओळ, आणि १ ते ४ आकडे असे भरा की उजवीकडे आणि खाली जाताना वाढत जातील. तऱ्हा येतात १, ३, २, ३, १. त्यांच्या वर्गांची बेरीज २४, म्हणजे चार वस्तूंच्या मांडण्यांइतकीच. एम.एस्सी.वाले बसले असतील तर त्यांना गटांच्या निरूपणांकडे न्या. बाकीच्यांना बेरीज पुरे.

घरी न्यायला एक प्रश्न कागदावर तयार ठेवा: चौघांच्या मधोमध, चौघांनाही धुरा लागेल असं पाचवं वावर घातलं, पिकं तीनच, तर तऱ्हा किती? उत्तर ६, पण शेवटची एसटी सुटेपर्यंत सांगू नका.